बिडाला गेलेला तडा

मिशिगनमध्ये एप्रिल लागला आणि अंगणातलं बर्फ वितळलं, की जुन्या बोटींच्या जाहिराती निघतात. सतरा-अठरा फुटी फायबरची बोट, खाली ट्रेलर आणि किंमत हजार डॉलरच्या आत. शेवटी एक ओळ असते : ‘गेल्या मोसमात मस्त चालत होती.’ विकणारा जरा सरळ असला तर लिहितो, ‘ब्लॉकचं काम आहे.’ दोन्हींचा अर्थ बहुतेक वेळा एकच. शरदात इंजिनातलं पाणी काढायचं राहून गेलं आणि हिवाळ्यानं इंजिन फोडलं.

आम्ही डेट्रॉईटजवळ राहतो. लेक सेंट क्लेअर तिथून जवळ. या तळ्याची सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर, त्यामुळे लहान बोटवाल्यांची तिथे चंगळ असते. आम्हीही अशीच एक बोट घेतली. नव्वदच्या दशकातली बांधणी, चार सिलिंडरचं मर्क्रूझर ३.० लिटरचं पेट्रोल इंजिन आणि त्याच्या बिडाच्या ब्लॉकला तडा. विकणाऱ्यानं तो स्वतःच बोट ठेवून दाखवला होता. नवरा म्हणाला, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.” म्हण खरी आहे. पण मसाल्याला बारा आणे पडणार की दोन, हे तडा कुठे आहे त्यावर ठरतं. माझी नोकरी गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करण्याची. त्यातून मी कोल्हापूरची आणि मामाची हयात शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेली. त्यामुळे बीड फुटलं म्हणून मला घाम फुटला नाही.

पाणी लोखंड कसं फोडतं

मोटारीच्या इंजिनात रेडिएटर असतो आणि त्यात न गोठणारं कूलंट फिरत राहतं. लहान बोटींच्या बऱ्याच इंजिनांत ही भानगड नसते. खालच्या ड्राइव्हमधला रबरी पंख्याचा पंप तळ्याचं पाणी ओढतो, ते ब्लॉकमधून आणि मॅनिफोल्डमधून फिरतं आणि धुराबरोबर पुन्हा तळ्यात जातं. व्यवस्था स्वस्त आणि सुटसुटीत आहे. मात्र बोट पाण्याबाहेर काढली तरी ब्लॉकच्या पोटात तळ्याचं पाणी साचून राहतं. कोकणातल्या मच्छीमाराला या दुखण्याची कल्पना नसते, त्याच्या इंजिनाचं वैर मिठाशी. आमच्याकडे वैर थंडीशी.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकतो. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते तीही त्यामुळेच. पण ब्लॉकला तर वर पाइपांची तोंडं असतात, मग बर्फ तिकडून वर का सरकत नाही? कारण पाणी सगळीकडे एकदम गोठत नाही. आधी अरुंद वाटा आणि बाहेरच्या भिंतीलगतचं पाणी गोठतं. वाटा अशा बंद झाल्या की मधलं पाणी कोंडतं आणि त्यानंतर ते गोठू लागतं तेव्हा त्याला फुगायला जागा उरत नाही. उणे २२ अंशांना कोंडलेला बर्फ हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट दाब देऊ शकतो. चार-पाच मिलिमीटर जाडीची बिडाची भिंत त्याच्या कितीतरी आधी हार मानते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ब्लॉकच्या कुशीला पितळी वाट्या ठोकून बसवलेल्या दिसतात. त्यांना सर्रास ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात आणि पाणी गोठलं तर त्या सुटून ब्लॉक वाचवतील, अशी लोकांची समजूत असते. फाउंड्रीत वावरलेल्या माणसाला त्या वाट्या कशाला आहेत हे लगेच कळतं. ब्लॉक ओतताना आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचे कोअर ठेवतात. त्यांना आधार द्यायला आणि नंतर वाळू झाडून काढायला ही भोकं लागतात. काम झालं की ती बुजवतात. थंडीत कधी वाटी उडते आणि ब्लॉक वाचतो, कधी वाटी जागच्या जागी राहते आणि शेजारची भिंत फुटते. तिच्या भरवशावर हिवाळा काढू नये.

तडा कुठे आहे?

ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती पाणी खेळण्यासाठी पोकळी असते, तिला वॉटर जॅकेट म्हणतात. या पोकळीच्या बाहेरच्या भिंतीला फक्त पाणी अडवायचं असतं. पेट्रोलच्या स्फोटाचा जोर झेलतात ते सिलिंडरच्या भिंती आणि हेड. बाहेरची भिंत फुटली तर पाणी गळतं. आतली फुटली तर पाणी तेलात किंवा सिलिंडरमध्ये शिरतं आणि मग बेअरिंगपासून सगळंच धोक्यात येतं.

म्हणून पैसे मोजण्याआधी तेलाची डिपस्टिक ओढून बघायची. तेल दुधाळ असेल तर पाणी आत गेलेलं आहे. आमचं तेल काळं होतं, पण स्वच्छ. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकसारखं आलं. पुशरॉडवरचं पत्र्याचं झाकण उघडून बॅटरीनं पाहिलं, आत गंज नाही की ओल नाही. व्ही-सहा किंवा व्ही-आठ इंजिन असेल तर इनटेक मॅनिफोल्ड काढून त्याखालची दरी तपासावी. तिथला तडा बाहेरून मुळीच दिसत नाही.

शेवटची परीक्षा हवेची. ब्लॉकची सगळी तोंडं बंद करून जॅकेटमध्ये १५ पीएसआय हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी मारलं. डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, आडव्या रेषेत बुडबुडे फुटले. दुसरीकडे कुठेच नाही. निदान झालं.

वेल्डिंग का नको

पहिला सल्ला सगळे एकच देतात : वेल्ड करून टाका. मी मामाला व्हिडिओ कॉल केला आणि कॅमेरा तड्यावर धरला. मामानं चष्मा लावला, निरखून पाहिलं आणि म्हणाला, “अगं, बीड हाय ते. एका जागी तापवलंस तर शेजारी तडकणार. तापवायचं तर आख्खं तापव, न्हाईतर तापवायचं नावच काढू नगंस.”

“मामा, आख्खा ब्लॉक तापवायला भट्टी कुठली आणू?”

“मग कशाला तापवतीस? त्या भिंतीवर जोर कसला हाय? नुसतं पानीच अडवायचं न्हवं?”

मामाच्या बोलण्यामागचं शास्त्र असं. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्यामुळे बीड ओतायला सोपं, दाब सोसायला भक्कम, पण ताणलं की ठिसूळ. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडालगतचा कार्बन लोखंडात विरघळतो. भोवतालचा थंड ब्लॉक ती उष्णता झपाट्यानं शोषून घेतो आणि तिथे काचेगत कडक थर तयार होतो. त्यात जोड आकसताना ओढ देतो. मग जुना तडा बुजतो आणि त्याच्या बाजूला नवा निघतो. निकेलचे इलेक्ट्रोड वापरून, इंच-इंच टाका मारून, प्रत्येक टाका हातोडीनं ठोकून आणि हात लावता येईल इतका निववून पुढे गेलं तर जमतं. पण त्याला मुरलेला कारागीर हवा. आणि बोटीत पेट्रोलची टाकी असताना ठिणगीचं कुठलंही काम जागेवर करायचं नसतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते.

बीड वेल्ड होतच नाही, असं मात्र नाही. ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि तिच्या बंदरांत अडकून पडलेली जर्मन जहाजं तिनं ताब्यात घेतली. अमेरिकेला ती वापरता येऊ नयेत म्हणून जर्मन खलाशांनी अनेक जहाजांच्या वाफेच्या इंजिनांचे बिडाचे सिलिंडर आधीच फोडून ठेवले होते. नवे सिलिंडर ओतण्यात फार काळ गेला असता. नौदलाच्या अभियंत्यांनी पोलादी ठिगळं आणि विजेचं वेल्डिंग यांनी ते जोडले. ‘फ्रीडरिश डेर ग्रोसे’ हे जहाज ‘ह्यूरॉन’ नावानं त्याच वर्षी सैनिक घेऊन फ्रान्सला निघालं. पण त्या सिलिंडरांना वाफेचा दाब झेलायचा होता आणि एकेका जहाजाची किंमत अफाट होती. तेवढी खटपट तिथे परवडत होती. माझ्या तड्यामागे गार पाणी होतं आणि पुढे स्वस्त बोट.

टाके की लेप

तापवायचं नसेल तर दोन वाटा उरतात. पहिली टाके घालण्याची. ही पद्धत १९३० च्या दशकात टेक्सासच्या तेलक्षेत्रांत रुळली, कारण तिथे ज्वाळा पेटवणं म्हणजे मरणाला बोलावणं. तड्यावर ओळीनं भोकं पाडून, आटे काढून खास स्क्रू बसवतात. प्रत्येक स्क्रू आधीच्याची थोडी कड खातो आणि सगळे मिळून धातूची सलग शिवण होते. जास्त ताकद हवी असेल तर तड्याला आडव्या धातूच्या पट्ट्या ठोकतात. जहाजांची प्रचंड इंजिनं आजही अशी सांधतात. काम पक्कं होतं, पण कारागीर इंचावर पैसे घेतो.

दुसरी वाट पोलादाची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीची. सिलिंडरच्या भिंतीला ती लावणं म्हणजे वेडेपणा. बाहेरच्या जॅकेटला मात्र ती पुरते. तिथलं पाणी ६०-७० अंशांच्या आसपास असतं, चांगली इपॉक्सी त्याहून खूप जास्त सोसते. शिवाय पाण्याची वाट तळ्याकडे उघडी असल्यानं दाबही बेताचाच.

साखळीच्या कप्पीनं इंजिन उचलून गॅरेजमध्ये आणलं. तड्यावर लाल रंगाचं द्रावण फवारलं, पुसलं आणि वर पांढरी पूड मारली. तड्यात मुरलेला लाल रंग पुडीत वर आला. डोळ्यांना वीतभर दिसणारा तडा प्रत्यक्षात दोन बोटं पुढे, बोल्टच्या उंचवट्याखाली गेलेला निघाला. ही पायरी गाळली की नेमकं ते टोक मोकळं राहतं. दोन्ही खऱ्या टोकांना तीन मिलिमीटरची भोकं पाडली. टोकदार तड्याच्या अणीवर सगळा ताण एकवटतो, गोल भोकाच्या कडेनं तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. त्या भोकांत आटे पाडून बारीक पितळी स्क्रू बसवले.

मग तड्याच्या रेषेत लहान ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच घेतली, भिंतीच्या निम्म्या जाडीपर्यंत. भोवतालचा रंग खरवडून उघडं बीड खडबडीत केलं. बिडात तेल मुरलेलं असतं, म्हणून ॲसिटोननं पुसायचं, दिव्यानं तापवायचं, वर आलेलं तेल पुन्हा पुसायचं. फडकं पांढरं निघेपर्यंत हेच चालू. लेप टिकतो की सुटतो, ते इथे ठरतं. शेवटी दोन्ही नळ्यांतलं मिश्रण समसमान घेऊन कालवलं, खाचेत दाबलं आणि ब्लॉकच्या वरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप लावून जरा वेळ चालवला. आतून ओढ बसली तशी इपॉक्सी तड्याच्या फटीत खोल गेली. वर दुसरा रुंद थर दिला. थंडीत ती नीट धरत नाही, म्हणून रात्रभर हीटर चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा १५ पीएसआय. काटा हलला नाही.

बाजारात ब्लॉक सांधायची बाटलीही मिळते. तिच्यात बहुधा सोडियम सिलिकेट असतं. बंद कूलंटच्या गाडीत ती पुनःपुन्हा फिरते आणि कधी उपयोगी पडते. तळ्याचं पाणी ओढणाऱ्या इंजिनातून ती सरळ तळ्यात जाते.

इंजिन परत बसवताना ड्राइव्हच्या शाफ्टशी त्याची रेषा मापाच्या दांड्यानं जुळवावी लागते, नाहीतर कपलर खाऊन टाकतं. मोटारीचे स्टार्टर आणि अल्टरनेटर सारखे दिसले तरी वापरायचे नाहीत. बोटीचे भाग ठिणगी बाहेर पडणार नाही असे बांधलेले असतात. चालू करण्याआधी ब्लोअर किमान चार मिनिटं फिरवायचा. लेप अजून टिकून आहे. दर वसंतात आरसा धरून मी तो पाहते आणि बोट कधी विकली तर घेणाऱ्याला तो दाखवणं भाग आहे.

ऑक्टोबरचं काम

हे सगळं टाळायला फार काही लागत नाही. बोट पाण्याबाहेर आली की ब्लॉक आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढायचे, पाइप सोडून खाली लोंबकळू द्यायचे. प्लग काढूनही पाणी आलं नाही तर आत पाणी नाही असं समजू नये. बहुधा गंजानं आणि गाळानं भोक बुजलेलं असतं. तार घालून ते मोकळं करायचं. नुसतं गुलाबी अँटिफ्रीझ पंपानं ओढून भागवायला गेलं तर गार इंजिनाचा थर्मोस्टॅट बंद असतो आणि ते ब्लॉकमध्ये नीट पोचतच नाही. आधी पाणी काढायचं, मग हवं तर ते ओतायचं.

अशी बोट घ्यावी का, असं मंडळाच्या गणपतीत मला हमखास विचारतात. तडा बाहेर असेल, तेल स्वच्छ असेल आणि चारही सिलिंडर एकसारखे असतील तर खुशाल घ्या. तेल दुधाळ असेल तर फक्त ट्रेलरची किंमत सांगा. विकणारा रागावला तर घरी या. कबूल झाला, तरी बोट कुठे ठेवणार ते आधी ठरवा.