सात सीटची जुनी गाडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात दुसरे मूल आले, किंवा गावाकडचे आईवडील कायमचे राहायला आले, की लहान गाडी अपुरी पडू लागते. नवी सात सीटची गाडी खिशाला परवडत नाही, म्हणून वापरलेल्या मोठ्या गाडीचा शोध सुरू होतो. म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या एच. डी. कोटे तालुक्यात ही गरज अधिकच जाणवते. तालुक्याला नागरहोळे आणि बंडीपूरची जंगले लागून आहेत, कबिनीचा जलाशय याच भागात आहे आणि बावलीला केरळची हद्द लागते. मोठे रुग्णालय, महाविद्यालय, लग्नाचा बस्ता यांसाठी सुमारे 50 किलोमीटरवरचे म्हैसूर गाठावे लागते. सगळे कुटुंब एकाच गाडीतून निघते ते अशाच कामांसाठी, आणि गाडी निवडताना फसगत होते तीही इथेच.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात महाग पडणारा गैरसमज असा, की आरसीवर ‘आसनक्षमता 7’ लिहिले आहे, म्हणजे गाडी सात जणांची आहे. विकणारा हेच सांगतो, एजंट हेच सांगतो, आणि शेजारीही मान डोलावतो. वास्तविक तो आकडा चालकासह जास्तीत जास्त किती जण बसू शकतात याची मर्यादा आहे. सात जण सामानासह, पाय मोकळे ठेवून, सारख्याच सुरक्षितपणे बसतील असे तो कुठेही सांगत नाही.

सामानाचा प्रश्न सर्वांत आधी येतो, कारण सात जण निघाले की सामानही सात जणांचेच असते. 2018 च्या पिढीच्या मारुती अर्टिगामध्ये तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या तर मागे 209 लिटर जागा उरते. तिसरी रांग आडवी केली की ती 550 लिटर होते. 2019 मध्ये आलेली रेनो ट्रायबर चार मीटरपेक्षा कमी लांबीची आहे. तिच्यात सातही जण बसवले तर डिकी फक्त 84 लिटरची राहते. तिथे एक मध्यम सुटकेस उभी राहते, दुसरीला जागा नसते. तिसरी रांग काढून ठेवली की तीच डिकी 625 लिटरची होते. अशा गाडीत एका वेळी सात माणसे न्यावीत किंवा पाच माणसे आणि सामान. दोन्ही एकत्र जमत नाही. यात गाडीचा दोष नाही. चार मीटरच्या आत याहून जास्त जागा निघत नाही, आणि जी आहे तिचा ट्रायबरमध्ये फार हुशारीने वापर केलेला आहे. चूक होते ती आरसीवरचा आकडा पाहून डिकी न उघडणाऱ्याची.

मग उरलेले सामान मांडीवर किंवा छतावरच्या कॅरियरवर जाते. छतावर वजन चढले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि वळणावर किंवा अचानक स्टिअरिंग फिरवावे लागले तर उंच गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. एकूण वजनाचा हिशेब तर बहुधा कोणी करतच नाही. सरासरी 60 किलोची सात माणसे म्हणजे 420 किलो. या भागात आल्याचे पोते 60 किलोचे असते. परतताना असे एकच पोते मागे टाकले तरी भार 480 किलोवर जातो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की ती किती भार झेलू शकते ते कळते, आणि लहान सात सीटच्या गाड्या या मर्यादेच्या अगदी जवळ येतात. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर टायरच्या हवेचे आकडे छापलेले असतात. अनेक गाड्यांत पूर्ण भाराचा आकडा वेगळा, मागच्या चाकांसाठी जास्त असतो. जुन्या गाडीचे शॉक अब्सॉर्बर थकलेले असतील तर भरलेली गाडी मागून बसते, दिव्यांचा झोत वर जातो आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागते. रिकाम्या गाडीची चाचणी घेऊन यांतले काहीच कळत नाही.

यापुढचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांच्या ज्या समोरून धडक चाचण्या घेतल्या, त्यांत प्रौढांच्या प्रतिकृती पुढच्या दोन आसनांवर आणि मुलांच्या प्रतिकृती त्यांच्या मागच्या रांगेत बसवलेल्या होत्या. तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचे काय होईल याबद्दल जाहिरातीतले तारे काहीच सांगत नाहीत. लहान गाडीत तिसऱ्या रांगेतले डोके आणि मागची काच यांत वीतभर अंतर असते; मागून ट्रक धडकला तर मोडून शोषून घेण्यासाठी तेवढीच जागा उरते. त्यातही पट्टे अपुरे असतात. अनेक जुन्या गाड्यांत मधल्या रांगेच्या मधल्या आसनाला नुसता कमरेचा पट्टा असतो. तरीही प्रत्येक घरात तिसरी रांग मुलांना दिली जाते, कारण पाय तेवढेच मावतात. लहान मुलांची योग्य जागा मधल्या रांगेत आहे, आणि तिसऱ्या रांगेत बसावेच लागले तर खांद्यावरून येणारा पट्टा लावता येईल अशा मोठ्या मुलाने किंवा ठेंगण्या प्रौढाने बसावे.

जुन्या बोलेरो, सुमो, टवेरा यांच्या काही प्रकारांत मागे आडवी, एकमेकांसमोर तोंड केलेली बाकडी असतात. त्यांवर बसलेली माणसेही ‘सात’ किंवा ‘नऊ’ या आकड्यात धरलेली असतात. समोरून धडक बसली की अशा आसनावरचा माणूस कुशीवर फेकला जातो, आणि पट्टा असला तरी त्या दिशेने तो शरीर नीट धरू शकत नाही. मुलांना या बाकड्यांवर बसवू नये. यात तडजोडीला जागा नाही. 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार 14 वर्षांखालील मुलाला सीटबेल्टने किंवा बालआसनाने सुरक्षित न करता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम किरकोळ वाटते, म्हणून नियमही किरकोळ आहे असे मानले जाते. ते मात्र खरे नाही. बालआसन घेणार असाल तर मधल्या रांगेत ते अडकवायचे आयसोफिक्सचे धातूचे आकडे आहेत का, हे गाडी बघतानाच सीटच्या फटीत हात घालून तपासता येते.

मग कुटुंबाने काय घ्यावे? रोजचे पाच आणि सणासुदीचे सात असतील तर अर्टिगा किंवा ट्रायबर पुरते. सहा-सात जण नेहमीच, आणि लांबचा प्रवास करणार असतील तर लांब गाडी हवी: इनोव्हा, 2018 मध्ये आलेली महिंद्राची मराझ्झो, किंवा सुटे भाग आणि सर्व्हिस सेंटर आधी शोधून ठेवले असतील तर रेनो लॉजी. क्वालिस आणि इनोव्हा ज्या टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात तयार झाल्या, तो बिडदीचा कारखाना बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच आहे, आणि या भागात इनोव्हा नीट जाणणारे मेकॅनिकही सहज सापडतात. गाडी कोणतीही असो, सौद्याआधी घरातले सगळे तिच्यात बसवावेत. सर्वांत उंच माणसाने तिसऱ्या रांगेत बसून पाहावे. आजी-आजोबांनी स्वतः चढून-उतरून पाहावे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्कॉर्पिओ किंवा बोलेरोची पायरी रोज चढणे शक्य नसते, आणि हे पैसे दिल्यावर लक्षात आले तर त्यावर इलाज नाही. शेवटी प्रवासाच्या बॅगा ठेवून मागचे दार लावून पाहावे.

दुसरा हट्टी गैरसमज: गाडी मोठी, जड आणि जाड पत्र्याची असेल तर ती सुरक्षित असते. हलक्या गाडीशी टक्कर झाली तर जड गाडीतल्या माणसाला वजनाचा फायदा होतो, एवढे खरे आहे. पण झाडाला, पुलाच्या कठड्याला किंवा उभ्या ट्रकला धडकल्यावर महत्त्वाचे असते ते सांगाड्याचे आणि पट्ट्या-एअरबॅगचे काम. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपने ताशी 64 किलोमीटर वेगाने तपासलेल्या, एअरबॅग नसलेल्या महिंद्रा स्कॉर्पिओला प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. 2021 मध्ये त्याच प्रकारच्या चाचणीत तिच्यापेक्षा कितीतरी लहान ट्रायबरला चार तारे मिळाले. पट्ट्याचे महत्त्व महाराष्ट्राने 4 सप्टेंबर 2022 रोजी पाहिले. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. गाडी मर्सिडीजची होती. मागे बसलेल्या या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले.

म्हणून जुनी गाडी घेताना तिच्या आकारापेक्षा तिच्या निर्मितीचे वर्ष जास्त महत्त्वाचे ठरते. एप्रिल 2019 पासून सर्व नव्या कारना एबीएस, जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग आणि जानेवारी 2022 पासून पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग सक्तीच्या झाल्या. त्याआधीच्या गाड्यांत हे सारे महागड्या प्रकारांपुरतेच असायचे. 2014 ची भलीमोठी बेसिक गाडी आणि 2020 ची त्याच किमतीची लहान गाडी यांत घरासाठी बहुतेक वेळा दुसरी बरी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर एअरबॅग उडून गेली आहे आणि ती परत न बसवता दिवाच बंद केला आहे, असा संशय घ्यावा.

याच गैरसमजातून पुढचा लोखंडी गार्ड आला आहे. जंगलाच्या रस्त्यावर हरीण किंवा रानडुक्कर आडवे आले तर गार्ड वाचवतो, असे सांगितले जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग ठरतात, असे राज्यांना कळवले आहे. गार्डमुळे धडकेचा जोर थेट चॅसीवर जातो, एअरबॅगच्या सेन्सरला चुकीचा संदेश मिळू शकतो, आणि पादचाऱ्याला तर तो जीवघेणाच ठरतो. जुन्या गाडीवर तो असेल तर काढून टाकावा. नागरहोळेतून मानंदवाडीकडे जाणारा रस्ता संध्याकाळी 6 ते सकाळी 6 बंद असतो. दिवसा तिथे गाडी हळू चालवणे हाच प्राणी आणि माणूस दोघांनाही वाचवण्याचा उपाय आहे.

‘कोट्याला फोर बाय फोरच हवी’ हेही चुकीचे आहे. म्हैसूर, हुणसूर, सरगूरकडे जाणारे मुख्य रस्ते डांबरी आहेत, आणि जंगलातली सफारी खासगी गाडीने करता येतच नाही. शिवाय रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो आणि इनोव्हांमध्ये फक्त मागची दोन चाके ओढतात.

‘मीटर कमी, म्हणजे गाडी चांगली’ यावर तर कोणीही विसंबू नये. म्हैसूर पर्यटनाचे शहर आहे. उटी, वायनाड, कबिनीच्या फेऱ्या मारून थकलेल्या टॅक्सी खासगी गाडीची पांढरी पाटी लावून बाजारात येतात. आरसीचा इतिहास, कंपनीच्या सर्व्हिसच्या नोंदी, ब्रेक पेडलच्या रबराची झीज आणि टायरवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) मीटरपेक्षा जास्त विश्वासार्ह आहेत.

‘दहा वर्षांची डिझेल गाडी भंगारात जाते’ हे दिल्ली आणि तिच्या परिसरापुरते मर्यादित होते. राष्ट्रीय हरित लवादाचा 2015 चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा आदेश त्याच भागासाठी होता. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती वाढवून मिळते. बीएस 6 डिझेलमध्ये मात्र एक्झॉस्टला काजळी अडवणारी जाळी असते, आणि शाळा-बाजारापुरत्या छोट्या फेऱ्यांमध्ये ती तुंबते. रोज थोडेच चालणाऱ्या घराला पेट्रोल स्वस्त पडते.

‘एमएच पासिंगची गाडी आणा, लाखभर वाचतील’ हा सल्ला कोल्हापूर-सांगलीहून कर्नाटकात आलेल्या मराठी कुटुंबांना हमखास मिळतो. कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. नव्या गाडीला हा कर किमतीनुसार 13 ते 18 टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, पण तरीही रक्कम मोठी असते. आधीच्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, मात्र तो नंतर आणि खेटे घालून मिळतो. हा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

कोऱ्या ट्रान्सफर फॉर्मवर सही झाली की व्यवहार पूर्ण झाला, असे मानणारे विक्रेते अजून आहेत. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच टाकली, जरी गाडी पुढे अनेक हातांत गेली होती. विम्याबद्दलही असाच घोळ आहे. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण अर्ज करून नावावर करून घ्यावे लागते आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो.

पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत दिसते. केरळात 2018 मध्ये आणि कोल्हापूर-सांगलीत 2019 मध्ये अशा गाड्यांची संख्या मोठी होती, आणि त्या दोन्ही बाजूंनी इकडे येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला गाळाचा डाग, सीटखालच्या रुळांना गंज, किंवा डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर मातीचा थर आढळला, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी सोडून द्यावी.