नाम, लिंग आणि शरणगमन

काही वर्षांपूर्वी धुळे येथील एका विहारात वर्षावासातील व्याख्यान आटोपल्यावर एका तरुण व्यक्तीने आम्हांस विचारले, "नोंदवहीत उपासक आणि उपासिका असे दोनच रकाने आहेत. मी कायम पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. विनयात आमच्यासारख्यांना मज्जाव आहे म्हणतात, ते खरे का?" आम्ही घाईने उत्तरलो की धम्मात भेदभाव नाही. त्या व्यक्तीचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. (मराठीत 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, ही येथे आमची सोय.)

मज्जाव आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. महावग्गातील महाखन्धकात 'पण्डक' व 'उभतोब्यञ्जनक' यांना उपसंपदा नाकारली आहे. पण्डकासंबंधीच्या नियमाची निदानकथा अशी : एका पण्डकाने संघात येऊन भिक्षू, श्रामणेर आणि अखेर माहूत व मोतद्दार यांच्याशी कामाचरणाचा आग्रह धरला, लोकांत निंदा झाली, नियम घातला गेला. एकाच्या वर्तनावरून साऱ्यांना दार बंद झाले. मिलिन्दपञ्हाने तर पुढे जाऊन अशा व्यक्तींना धर्मसाक्षात्कारही अशक्य ठरविला. हे मत आम्हांस सुत्तांच्या भूमिकेशी विसंगत वाटते.

परंतु 'पण्डक' म्हणजे कोण? समन्तपासादिकेत त्याचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांतील 'पक्खपण्डक' हा केवळ एका पक्षात, म्हणजे पंधरवड्यात, पण्डक असतो. कुरुन्दी अट्ठकथेच्या आधारे त्याला प्रव्रज्येची बंदी त्याच पंधरवड्यापुरती सांगितली आहे. 'आसित्त' आणि 'उसूय' या दोन प्रकारांना ती मुळीच नाही. अट्ठकथाकारांची कारणमीमांसा आज पटणार नाही. तथापि ही अवस्था एकसारखी नसते व कालानुसार पालटू शकते, याची नोंद त्यांनी केली आहे. आज 'नॉन-बायनरी' हा शब्द स्त्री किंवा पुरुष या दोहोंत न मावणाऱ्या, आणि 'जेंडरफ्लुइड' हा शब्द वेळोवेळी पालटणाऱ्या आत्मजाणिवेसाठी योजतात. त्यांचा पण्डकाशी समीकरणाने मेळ घालणे चूक होईल. पण्डक ही इतरांनी लावलेली खूण होती. हे शब्द स्वतःविषयी बोलण्याचे आहेत.

विनयाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. पहिल्या पाराजिकाच्या विनीतवत्थूत एका भिक्षूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाल्याचा प्रसंग आहे. भगवंतांनी त्याला घालवून दिले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तेच वर्षावास मान्य करून भिक्षुणींत जाण्याची अनुज्ञा दिली. भिक्षुणीच्या ठायी पुरुषलिंग प्रकट झाले तेव्हाही तोच न्याय. धम्मपदाच्या अट्ठकथेतील सोरेय्य तर पुरुष असताना दोन पुत्रांचा पिता आणि स्त्री असताना दोन पुत्रांची माता झाला. पुढे पुन्हा पुरुष होऊन अर्हत झाला.

आता खान्देशातील उदाहरण घेऊ. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी असल्याच्या कारणाने तो फेटाळण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी 2021 रोजी तो निर्णय रद्द केला आणि त्या निवडूनही आल्या. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला होता, त्याचे फळ येथे दिसले. मात्र संधी साधण्यासाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, असे त्यांचे निवेदन न्यायालयाने नोंदविले. राखीव जागेच्या हिशेबाला स्थिरता हवी असते, हे समजण्याजोगे आहे. पण ज्यांची जाणीवच प्रवाही आहे, त्यांनी असे निवेदन कसे करावे? 2024 च्या विधानसभा निवडणुकीसाठी वंचित बहुजन आघाडीने रावेरमधून शमिभा पाटील यांची उमेदवारी जाहीर केली. आपल्या वाचकांना हा विषय परका नाही.

नावांच्या वादात मज्झिमनिकायातील अरणविभङ्ग सुत्त उपयोगी पडते. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात. आपलेच नाव खरे असा हट्ट धरू नये आणि रूढ नाव बेलाशक मोडूही नये, असे तेथे सांगितले आहे. तृतीयपंथी, पारलिंगी, किन्नर, नॉन-बायनरी यांपैकी ज्याचे त्याने जे नाव सांगितले असेल तेच आपण उच्चारावे, असा आम्ही त्याचा अर्थ करतो. नाव ही प्रज्ञप्ती आहे. परंतु हे त्या तरुण व्यक्तीला ऐकवून तिचे नाव काढून घेणे हा धम्म नव्हे. जातिवाचक नावांचे ओझे वाहिलेल्या समाजाला हे निराळे सांगावे लागू नये.

राहिला रकान्याचा प्रश्न. मराठीत 'मी शरण जातो' किंवा 'जाते' म्हणताना लिंग सांगावेच लागते. पालीतील 'गच्छामि' या क्रियापदास लिंग नाही. अहिराणीतील 'मी जास' यासही नाही. महाखन्धकातील बंदी उपसंपदेची आहे, शरणगमनाची नव्हे. तेव्हा नोंदवहीत नाव आणि गाव एवढेच असावे, असे पत्र आम्ही त्या विहाराच्या विश्वस्तांना धाडले आहे. उत्तर यावयाचे आहे.