बसायचं इथं, पार्सल तिथून

रिगल सिनेमापासून इलेक्ट्रिक हाऊसपर्यंतचा कुलाबा कॉजवे रमतगमत चाललं तरी दहा-पंधरा मिनिटांत संपतो. 1838 साली समुद्रात भराव घालून हा रस्ता बांधला आणि कुलाबा मुंबईला जोडला गेला. पुढे ससून डॉक आला, पाठीमागे ताज उभं राहिलं आणि गोदीतले कामगार, खलाशी, पारशी, कोळी, परदेशी पाहुणे एकाच फुटपाथवरून चालू लागले. मुंबईतल्या जुन्या बारांबद्दल आणि पार्सलच्या ठिकाणांबद्दल लिहायचं, तर मला आधी हाच रस्ता आठवतो.

इथला बार समजायचा तर दारूबंदीपासून सुरुवात करावी लागते. 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि उघडपणे प्यायचं तर परमिट काढायची वेळ आली. एफ. एन. बालसारा या मुंबईकर पारशी गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिलं. 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, कायदा मात्र टिकला. ज्यांच्याकडे परमिट नव्हतं ते आंटीकडे जायचे. गोव्याकडच्या किंवा ईस्ट इंडियन बायका घरच्याच खोलीत दोन बाकडी टाकून हातभट्टीची नवटाक द्यायच्या, सोबत उकडलेलं अंडं नाहीतर चणे. नवरा नसलेल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली, हे त्या धंद्याला नावं ठेवताना विसरलं जातं. साठच्या दशकात सरकारी धोरण सैल झालं, परमिट रूमचं युग आलं आणि आंट्या मागे पडल्या. कायदा अजून आहे. त्यामुळेच बारच्या पाटीवर आजही ‘परमिट रूम’ लिहिलेलं दिसतं, पण आत बसलेल्यांपैकी फार थोड्यांच्या खिशात तो कागद असतो.

कॉजवेवरची दोन मोठी नावं इराण्यांची. लिओपोल्ड 1871 चं, सुरुवातीला तेलाचं घाऊक दुकान. मोंडेगार 1932 चं, रिगलजवळच्या मेट्रो हाऊसमध्ये. नुसत्या चहावर आणि ब्रून मस्क्यावर शहरातल्या इराण्यांचं भागेना, तेव्हा अनेकांनी बिअरचा परवाना घेतला. इराणी हॉटेलांचे बिअर बार झाले म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. बिअरने ती टेबलं वाचवली. नाहीतर तिथे आज बुटांची शोरूम असती. मोंडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. एका भिंतीवर मुंबईचं जगणं, दुसरीवर कॅफेतलीच माणसं. मारिओ कुलाब्यात बरीच वर्षं राहिले, त्यामुळे ही गर्दी त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. खाली टेबलंही चित्रातल्या माणसांइतकीच दाटीवाटीने मांडलेली. बिअरला वयाची अट 21 वर्षांची, कडक दारूला 25 ची. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आमच्यासारख्यांना कायद्याने बिअरच चालायची, आणि खिशाने तीही वाटून घेतलेली.

पैसे कमी असले की आम्ही ताजमागच्या टुलॉक रोडकडे वळायचो. तिथे गोकुळ. खुर्च्या साध्या, उजेड पांढरा, सजावटीचं नाव नको. कस्टममधला कारकून, जाहिरात कंपनीतला पोरगा आणि हिशेबाने पैसे मोजणारा परदेशी बॅकपॅकवाला शेजारी शेजारी बसायचे. बिल कमी झालं म्हणून कुणाची मान खाली जात नसे. या रस्त्याचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

जेवण मात्र बाहेर, बडेमियांकडे. मोहम्मद यासीन यांनी 1946 साली ही सिगडी पेटवली. संध्याकाळी दुकानं मिटायला लागली की ती धुमसू लागायची. एक जण सळईवरच्या कबाबांना पंख्याने वारा घालायचा, दुसरा उलट्या कढईवर रुमाली टाकायचा. पण पाहत उभं राहावं असं काम बैदा रोटीचं. मैद्याचा गोळा हातावर झुलवून इतका पातळ करायचा की पलीकडची बोटं दिसावीत. तो तव्यावर पसरायचा, मधोमध खिमा, वर अंडं, मग चारी बाजू आत दुमडून चौकोनी घडी. कडेने तेल सोडलं की घडी फुगते, उलटून पुन्हा तांबूस करायची आणि उलथन्याच्या धारेने तुकडे. सोबत कांदा, लिंबू, हिरवी चटणी. टेबल म्हणजे उभ्या गाडीचं बॉनेट. मर्सिडीज असो की काळी-पिवळी टॅक्सी, त्यावर ताटली ठेवून माणसं खायची. आता समोर बसायची सोय झाली आहे, शाखाही निघाल्या आहेत. मला मात्र बैदा रोटी उभ्यानेच गोड लागते.

ज्यांना दारूशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी पास्ता लेनच्या तोंडाशी कैलाश पर्बत आहे. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबाचं दुकान. पाणीपुरी तिथे खावी.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री लिओपोल्डमध्ये गोळीबार झाला. जेवायला आलेले मेले, वाढणारेही मेले. काही दिवसांतच दार पुन्हा उघडलं. भिंतीवरची गोळ्यांची भोकं तशीच ठेवली आहेत आणि लोक त्यांचे फोटो काढतात. ‘शांताराम’ ही कादंबरी वाचून लिओपोल्ड पाहायला येणारे वेगळेच. मला वाटतं, तिथे बसताना आधी वेटरांची आठवण काढावी, कारण दुसऱ्या कुठल्याही दिवशी तुमचं टेबल तेच पुसत होते.

भाडी वाढली, कॉजवेवरच्या बिअरचा भाव आता विद्यार्थ्याच्या हातात राहिलेला नाही. लिओपोल्डसमोरचं ऑलिम्पिया अजून परवडतं. संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसे, दारू नाही. रात्रीची उतरवायला येणारे आणि कामावर निघालेले सकाळी एकाच बाकावर भेटतात. जायचं तर सकाळी जा, खिमा पाव मागवा, पाव एक जास्तीचा सांगा. वर माळ्यावर जागा मिळाली तर तिथेच बसा, म्हणजे खालचा सगळा कारभार दिसतो.