वीज रुळांत की इंजिनात?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीला रेल्वे नाही. माणिकगडचा डोंगर उतरून बल्लारशाकडे यावं, तेव्हा ती भेटते. याच जिल्ह्यातल्या नागभीडहून नागपूरला जाणारी नॅरोगेज गाडी 2019 मध्ये बंद झाली. तिच्या दोन रुळांत अवघं 762 मिलिमीटर अंतर होतं. ती गाडी अंगणात पुन्हा धावावी असं कुणाला वाटलं, तर मापाची अडचण नाही. बागेतल्या रेल्वेसाठी जगभर रूढ असलेला 45 मिलिमीटरचा मार्ग घेतला, की ती साधारण सतरापट लहान होते. डबे तर सुतारकाम जाणणारा कुणीही करील. पेच पडतो तो गाडी चालवायची कशी, यावर.

जुनी रीत म्हणजे रुळांतूनच वीज सोडायची. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, तारा उलट जोडल्या की गाडी मागे फिरते. एकच गाडी असेल तर याहून सोपं काही नाही. दुसरी आणली की दोघी एकाच हुकमावर धावतात. त्यांना वेगळं ठेवायचं तर मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं बटण लागतं. त्यावरचा तोडगा जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामातून निघाला आणि डीसीसी या नावाने प्रमाण ठरला. यात रुळांत वीज कायम असते आणि तिच्याच ठोक्यांत संदेश गुंफलेला असतो: अर्धा ठोका 58 मायक्रोसेकंदांचा असला तर एक, शंभर किंवा त्याहून लांब असला तर शून्य. प्रत्येक इंजिनाच्या पोटातली चिप फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम ऐकते. कल्पना अतिशय देखणी आहे, आणि छताखाली ती शोभते. पुण्यातल्या कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथले रूळ ऊन-पावसापासून जपलेले आहेत.

जिवतीच्या अंगणात तसं होणार नाही. तीस मीटरचा फेरा तीस सेंटिमीटरच्या तुकड्यांनी जोडला, तर प्रत्येक रुळाला शंभर जोड येतात. पितळी रूळ दोन पावसांत काळवंडतो, जोडात मुरमाची धूळ बसते, झड लागली की पानं चिकटतात. यातला एक जोड जरी सैल झाला, तरी पुढची गाडी अडखळते. साध्या विजेवर ती मंदावते. डीसीसीत हुकूमच तुटतो, आणि दोष शोधायला मल्टिमीटर घेऊन गुडघ्यांवर बसावं लागतं. पोरांचा उत्साह तिथेच संपतो.

म्हणून माझं मत स्वच्छ आहे: वीज इंजिनातच ठेवावी. लिथियमचे चार सेल ओळीने जोडले की 14.8 व्होल्ट मिळतात. 2.5 अँपिअर-तासाचे सेल असतील आणि इंजिन एक अँपिअर खात असेल, तर गाडी दोन-अडीच तास चालते. हुकूम रेडिओवरून जातो. मग रूळ गंजलेला, लोखंडी पट्टीचा, अगदी लाकडीही चालेल. सेलवर संरक्षक सर्किट मात्र हवंच. 45 अंशांच्या वर ते चार्ज करू नयेत, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर तेवढी उष्णता सहज असते. तेव्हा चार्जिंग संध्याकाळी, घरात.

या निवडीत एक गोष्ट गमवावी लागते. रुळांत वीजच नसली, की समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या एकाच बटणाने थांबवता येत नाहीत. खऱ्या रेल्वेने एकेरी मार्गावर हाच प्रश्न टोकनने सोडवला. नील यांच्या यंत्रात हे टोकन म्हणजे पोलादी गोळा; तो दोन्ही स्टेशनांच्या संमतीशिवाय बाहेर पडत नाही, आणि एका वेळी एकच पडतो. तो हाती आल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या टापूत शिरत नाही. अंगणातही दोन स्टेशनं करावीत, प्रत्येकी एक लूप द्यावा आणि मधल्या मार्गासाठी एकच लाकडी गोळा ठेवावा. ज्याच्या हाती गोळा, त्याचीच गाडी निघेल. दुसऱ्याने लूपमध्ये थांबायचं आणि गोळा आपल्या स्टेशनात येईपर्यंत रिमोटला हात लावायचा नाही.