गावकीचे दफ्तर (लेखांक चौदावा) : भोंग्याचे कलम कोणते?

गेल्या खेपेस पंचायतीने राखून ठेवावयाच्या पंधरा, दहा आणि पाच टक्क्यांचा हिशेब पुरा करून या आठवड्यात वित्त आयोगाच्या निधीकडे वळावयाचे, असा वायदा मी केला होता. परंतु मिरज तालुक्यातील एका सेवानिवृत्त गुरुजींचे पत्र मध्येच येऊन पडले आणि तो विषय तहकूब करणे मला भाग पडले. खरे सांगावयाचे तर मी तो आनंदानेच तहकूब केला, कारण गुरुजींनी ज्या जागी बोट ठेवले आहे ती जागा माझ्या फार दिवसांच्या आवडीची आहे.

त्यांच्या गावच्या सरपंचांनी एक मेच्या ग्रामसभेत ग्रामकल्याणाचा अहवाल वाचला. दिव्यांगांना दिलेले साहाय्य, अंगणवाडीच्या खोलीची डागडुजी, महिलांचे शिवणवर्ग अशा बाबी आपापल्या रकमा घेऊन रांगेने उभ्या होत्या, आणि रांगेच्या शेवटी एक बाब बिनरकमेची होती : रोज सायंकाळी सात ते साडेआठ टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा, भोंगा वाजवून पाळावयाचा नियम. गुरुजी विचारतात, या भोंग्याला अधिनियमाचे कलम कोणते, आणि भोंगा विकत आणल्याचे पैसे सोडले तर ही बाब जमाखर्चाच्या कोणत्या नमुन्यात दाखवावयाची? प्रश्न उपरोधाने विचारलेला आहे, हे उघड आहे. पण उपरोध बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो, आणि तो फार चांगला आहे.

अहवाल वाचणे ही सरपंचांची हौस नव्हे, हे या लेखमालेच्या वाचकांस सांगावयास नको. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या आठव्या कलमाप्रमाणे वित्तीय वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचे जमाखर्चाचे विवरण आणि प्रशासनाचा अहवाल मांडावाच लागतो. पंचायतीच्या दफ्तरी एक ते तेहेतीस असे नमुने आहेत. अंदाजपत्रक पहिल्यात, रोकड वही पाचव्यात, घरपट्टीची आकारणी आठव्यात. या तेहेतीस नमुन्यांतून रुपया बहुधा निसटत नाही, निदान निसटला तर त्याची पावले दिसतात. परंतु दीड तास गावातील टीव्ही बंद राहिले, याची नोंद करणारा चौतिसावा नमुना शासनाने छापलेला नाही. सबब जमाखर्चापुरते गुरुजींना उत्तर सरळ आहे : ही बाब कोठेच दाखवावयाची नाही, तिची जागा ठरावबुकात.

आता कलमाचे पाहू. ग्रामसभेच्या ठरावबुकात सर्व ठराव एकाच शाईने आणि एकाच साच्यात लिहिलेले असतात. विषय क्रमांक अमुक, सूचक अमुक, अनुमोदक अमुक, आणि खाली 'ठराव सर्वानुमते मंजूर'. दिसण्यात सारखे असले तरी त्यांचे बळ सारखे नसते. काही ठरावांच्या पाठीशी पैसा असतो. पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवण्याची तजवीज या वर्गातली, आणि तिच्याविषयी गेले दोन आठवडे आपण पुरेसे बोललो आहोत. काही ठरावांच्या पाठीशी कायदा असतो. आणि काहींच्या पाठीशी यांपैकी काहीच नसते. भोंगा या तिसऱ्या जातीचा.

दुसऱ्या जातीचे सर्वांत लख्ख उदाहरण म्हणजे गावकरी ज्याला 'आडवी बाटली' म्हणतात ते मतदान. २००८ सालच्या आदेशाप्रमाणे गावातील एकूण स्त्री मतदारांपैकी पंचवीस टक्के स्त्रियांनी लेखी मागणी केली की उत्पादन शुल्क खाते सह्या पडताळून पाहते आणि मग रीतसर गुप्त मतदान घेते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभ्या बाटलीचे, एक आडव्या बाटलीचे. आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकानाचा परवाना बंद होतो. यातला 'एकूण' हा शब्द डोळ्यांत तेल घालून वाचावा. ही टक्केवारी मतदानास आलेल्यांची नसून यादीत नाव असलेल्यांची आहे. म्हणजे जी बाई त्या दिवशी माहेरी गेली, ऊसतोडीला गेली किंवा नवऱ्याच्या धाकाने घरी बसली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात पडते. अनेक गावांत बायकांनी मोठ्या हिरिरीने मतदान घडवून आणले आणि झालेल्या मतांत त्या भरघोस जिंकल्या, तरी यादीच्या निम्म्यापर्यंत पोहोचू न शकल्याने दुकान जागच्या जागी राहिले. कायद्याचे बळ हवे असेल तर कायद्याची किंमतही मोजावी लागते, ती ही.

विषय दारूचा निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगून घेतो. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या वाचकांस ठाऊक असते. पण सभासद म्हणून त्यांनी केले काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्याचा खर्च निघाला तेव्हा ते पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावेत म्हणून त्यांनी एकट्याने विरोध नोंदविला, आणि १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागल्याचे पाहून त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. दुकानांचे परवाने देणे हे नगरपालिकेचे काम नव्हते. तरीही शहराच्या आरोग्याचा भार जिच्याकडे आहे त्या संस्थेने ते आरोग्य बिघडविणाऱ्या वस्तूकडे डोळेझाक करू नये, एवढी साधी गोष्ट त्यांना मांडावयाची होती. लोककल्याण हे खात्याखात्यांत वाटून दिलेले काम नव्हे, हा विचार आपल्याकडच्या स्थानिक कारभारात इतका जुना आहे.

आता भोंग्याकडे येतो. गुरुजींच्या गावाने हा नियम जेथून उचलला ते गाव त्यांच्याच जिल्ह्यात आहे : कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. सुमारे तीन हजार वस्तीचे हे गाव. बहुतेक लोक शेतीवर किंवा साखर कारखान्यावर पोट भरणारे. महामारीच्या दोन वर्षांत शाळा मोबाइलवर भरली. शाळा पुन्हा इमारतीत आली, परंतु मोबाइल काही मुलांच्या हातून सुटला नाही. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी रोज दीड तास घरोघर पडदे काळे ठेवण्याची कल्पना मांडली. पुरुषमंडळींनी प्रथम ती हसण्यावारी नेली. मग पंचायतीने गावातील बायकांना बोलावले, आणि या प्रसंगाचे मर्म येथे आहे : मालिकांपायी आपल्याही संध्याकाळी जातात, हे बायकांनी आपल्या तोंडाने कबूल केले आणि टीव्ही बंद ठेवण्यास रुकार दिला. २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावसभेत निर्णय झाला. देवळावर भोंगा बसला. तो सातला वाजला की बंद आणि साडेआठला वाजला की खुले. पहिल्या दिवसांत पंचायतीचे कर्मचारी, शिक्षक आणि आरोग्यसेविका घरोघर फिरत, लोकांची मनधरणी करीत. दंडाचे नावही नव्हते.

याच जातीचे दुसरे उदाहरण त्याच वर्षीच्या मे महिन्यातले : शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला. या ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक दोघीही स्त्रिया होत्या. पाठोपाठ, १९२० च्या परिषदेमुळे ज्याचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे त्या माणगावने तसाच ठराव केला. आणि दोन आठवड्यांच्या आत ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. मंत्रालयातून परिपत्रके गावाकडे येतात, ही नित्याची वाट. या खेपेस वाट उलटी झाली. तरी परिपत्रकानेही ठरावाला कलमाचे बळ आले नाही, ते केवळ शिफारशीचेच राहिले. चुलत्यापुतण्यांनी दारात आलेल्या बाईला बांगड्या फोडावयास लावल्याच, तर ठरावबुक दाखवून त्यांना चावडीवर खेचता येत नाही. मात्र त्या घरातल्या एखाद्या सुनेला आता "गावाने हे बंद केले आहे" असे म्हणता येते, आणि ज्या घरात तिला याआधी तोंड उघडावयास जागाच नव्हती तेथे एवढे म्हणता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरे गाव नेवासे तालुक्यातील सौंदाळा. २०२४ च्या नोव्हेंबरात तेथील ग्रामसभेने आईबहिणींवरून शिव्या देणाऱ्यास पाचशे रुपये दंड ठरविला. हेतूविषयी माझ्या मनात संदेह नाही. आपल्याकडे पुरुषांच्या भांडणात हजर नसलेल्या बायकांची अब्रू ज्या सहजतेने काढली जाते, तिला कोणी तरी एकदा अटकाव करावयास हवाच होता. परंतु दंडाचा प्रश्न आला की मी सावध होतो. दंड वसूल करावयाचा तर अधिनियमात आधार असावा लागतो किंवा रीतसर मंजूर झालेली उपविधी असावी लागते. केवळ ठरावाच्या जोरावर घेतलेले पाचशे रुपये देणाऱ्याने राजीखुशीने दिले तोवरच ते सुरक्षित. वडगावाने दंड ठेवला नाही, यात मला त्या गावाचे शहाणपण दिसते.

गुरुजी म्हणतील, एवढे सांगून कलम नाहीच, असेच ना? होय, नाही. आणि ज्याला कलम नाही अशा ठरावाची पारख कशाने करावयाची, हा खरा प्रश्न आहे. कारण याच पोकळीत नको ते ठरावही उगवतात. मुलामुलीने आपल्या पसंतीने लग्न केले तर त्याच्या नोंदणीस आईबापांची संमती हवी, असे ठराव आपल्या राज्यातील काही ग्रामसभांनी केलेले आहेत. तेही सर्वानुमते, तेही गावाच्या भल्यासाठीच, आणि लिहिलेले त्याच साच्यात. जात पंचायतींनी गावाच्या एकमताचा जो गैरवापर केला त्यापायी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो २०१७ मध्ये अमलात आला. तेव्हा गाव एकमताने बोलले, एवढ्याने माझे समाधान होत नाही.

माझी कसोटी एकच आहे, आणि ती मी बरीच वर्षे अनेक ठरावबुकांवर लावून पाहिली आहे : ठराव करणाऱ्याने त्यात स्वतःला बांधून घेतले आहे, की दुसऱ्याला बांधले आहे? वडगावात ज्यांच्या मालिका बुडणार होत्या त्यांनीच भोंग्याला होकार दिला. हेरवाडात ज्यांच्या कपाळाचा प्रश्न होता त्यांच्यातल्याच दोघी उभ्या राहिल्या. लग्नाच्या ठरावात मात्र हात वर करणाऱ्यांची लग्ने केव्हाच होऊन गेलेली असतात आणि ज्यांची व्हावयाची आहेत ती पोरे त्या सभेत नसतात. पहिल्या प्रकारचा ठराव कलमावाचून चालतो. दुसऱ्या प्रकारच्या ठरावाला कलम मिळाले नाही, तेच बरे.

या कसोटीसाठी लागणारा पुरावा दफ्तरातच असतो, आणि तो पाहावयास कोणी जात नाही. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात शंभर सह्यांनी सभा वैध होते, आणि तेवढेही न जमल्यास तहकूब सभा भरते, तिला गणपूर्ती लागतच नाही. 'सर्वानुमते' या शब्दामागे किती माणसे होती, हे हजेरीपटावरील सह्या आणि अंगठे मोजल्याशिवाय कळत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे सक्तीचे आहे. तिचे इतिवृत्त वेगळे असते, निदान असावयास हवे. भोंग्याचा विषय त्या सभेत निघाला होता काय, हे गुरुजींनी पाहावे. निघाला असेल तर त्यांच्या गावचा भोंगा वडगावच्या जातीचा आहे. नसेल, आणि सरपंचांनी वर्तमानपत्र वाचून तो विषय अहवालाच्या शेवटी जोडून दिला असेल, तर चार-सहा महिन्यांत भोंगा गंजेल, आणि पुढील वर्षीच्या अहवालातून ती ओळ गुपचूप गळेल.

सरपंच मंडळींना माझी सूचना अशी की, बिनपैशाच्या ठरावांचा अहवालात स्वतंत्र परिच्छेद करावा, आणि त्यात सूचक कोण होते, सभेस हजर किती होते आणि वर्षअखेरीस ठराव पाळला जातो की नाही, या तीन गोष्टी प्रामाणिकपणे लिहाव्यात. पाळला जात नसेल तर तसे लिहिण्यात कमीपणा नाही. अहवालाचे काम ते हेच.

आणि वाचकांना विनंती : येत्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेस जा, वेळेवर जा, आणि सभा उठण्यापूर्वी हजेरीपटावर आपली सही तर कराच, पण वरच्या सह्याही मोजा. ठरावाची नक्कल मागण्याचा आपणास अधिकार आहे. ठरलेली फी भरून ती मागून घ्यावी. वित्त आयोगाचा निधी पुढील आठवड्यात.