न पाहिलेल्या मालिकेचा इतिहास

नाटकाचा प्रयोग पडदा पडला की हवेत विरतो, हे आपण मराठी माणसांनी केव्हाच पचवले आहे. गणपतराव जोशींचा हॅम्लेट कसा होता, बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना कसे रडवले, हे आपण ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून ऐकले आणि पुढच्या पिढीला सांगितले. त्या आठवणींत थोडी भर पडली असणार, थोडी गळही झाली असणार. पण ताडून पाहायला तो प्रयोग आहे कुठे? दूरचित्रवाणीच्या मालिकेचे मात्र तसे नाही, असे आपल्याला वाटते. ती फितीवर असते, फीत कपाटात असते आणि कपाट उघडले की पन्नास वर्षांपूर्वीची संध्याकाळ पुन्हा पाहता येते.

हा समज किती भाबडा आहे, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या इतिहासग्रंथांकडे वळावे. एखाद्या मालिकेवर इतके लेखन झाल्याची उदाहरणे जगात थोडीच असतील. गंमत अशी की, त्यातल्या कितीतरी पानांवरचे निकाल लेखकांनी मालिकेचे ते भाग समोर नसताना दिलेले आहेत. इलाजच नव्हता. पाहायला काही उरलेच नव्हते.

माझ्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे मलाही विज्ञानमालिकांची गोडी दूरदर्शनमुळे लागली. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. टोकदार कानांचा स्पॉक आणि त्याच्या शेजारचा कॅप्टन कर्क घरोघरी ओळखीचे झाले होते. ‘डॉक्टर हू’ त्या मानाने आपल्याकडे अनोळखी राहिली. मला ती आधी पुस्तकांतून भेटली आणि पडद्यावर फार उशिरा. म्हणून प्रथम तिची थोडी ओळख करून देतो.

२३ नोव्हेंबर १९६३, शनिवार. अध्यक्ष केनेडींची हत्या होऊन एक दिवस लोटला होता. त्या संध्याकाळी बीबीसीने या मालिकेचा पहिला भाग दाखवला. सारे जग त्या बातमीच्या छायेत होते. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. कल्पना साधी होती. डॉक्टर नावाचा एक तऱ्हेवाईक म्हातारा काळातून आणि अवकाशातून भटकतो. त्याचे यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखे दिसते, आत मात्र वाड्याएवढे प्रशस्त असते. निर्माती व्हेरिटी लँबर्ट तेव्हा २७ वर्षांची होती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन अवघा २४ वर्षांचा आणि जन्माने लखनौचा. इंग्रजीतून लिहिणाऱ्या सुप्रसिद्ध कादंबरीकार अतिया हुसेन यांचा हा मुलगा. बीबीसीच्या त्या गोऱ्या, पुरुषी कचेरीत एक तरुण मुलगी आणि एक हिंदुस्थानी मुलगा अशी ही जोडी होती.

डिसेंबरात डालेक नावाचे, मिठाच्या डबीसारखे दिसणारे दुष्ट यंत्रजीव आले आणि मुलांनी मालिका डोक्यावर घेतली. १९६६ साली पहिला डॉक्टर, विल्यम हार्टनेल, प्रकृतीमुळे बाजूला झाला. तेव्हा लेखकांनी नामी युक्ती काढली: डॉक्टरचे शरीरच बदलते! पॅट्रिक ट्राउटन आला आणि मालिका पुढे चालू लागली. याच युक्तीवर ती १९८९ पर्यंत टिकली आणि २००५ साली पुन्हा उभी राहिली.

फीत महाग, कार्यक्रम स्वस्त

१९६३ ते १९६९ या पहिल्या सहा वर्षांत मालिकेचे २५३ भाग झाले. सगळे कृष्णधवल. ते दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर मुद्रित होत. ही फीत फार महाग असे. पण पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होती. घरी कॅसेट लावून पाहण्याची सोय कुणाच्या स्वप्नातही नव्हती. त्यात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि कृष्णधवल मालाला गिऱ्हाईक उरले नाही. मग कपाट अडवून बसलेल्या फितींचे करायचे काय? पुसायच्या आणि त्यावर दुसरे काही मुद्रित करायचे. पहिल्या सहा वर्षांच्या जवळजवळ सर्व मूळ फिती अशा पुसल्या गेल्या.

परदेशांना विकण्यासाठी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया अशा देशांत त्या फिरत. विक्रीची मुदत संपली की त्याही नष्ट केल्या जात. ही मोहीम १९७८ पर्यंत चालली. त्या सुमारास डालेकच्या पहिल्या कथेच्या फिल्म नष्ट करण्यासाठी काढून ठेवल्या होत्या. इयन लेव्हीन नावाचा एक चाहता नेमका तेव्हा चौकशीला पोहोचला, म्हणून त्या वाचल्या. त्याच वर्षी बीबीसीने काय जतन करायचे हे ठरवण्यासाठी सू माल्डन यांची नेमणूक केली आणि पुसणे थांबले.

यात कुणी खलनायक नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. घरातली रद्दी काढताना आपण जसा विचार करतो, तसाच तिथल्या कारकुनांनी केला. शनिवारच्या चहाच्या वेळचा, पोराबाळांचा कार्यक्रम. तो कशाला ठेवायचा? अमेरिकेतल्या ‘स्टार ट्रेक’चे नशीब वेगळे निघाले ते तिच्या थोरवीमुळे नव्हे. ती ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली होती आणि गावोगावच्या वाहिन्यांना पुनःप्रक्षेपणासाठी विकता येत होती. १९६९ साली बंद पडलेल्या या मालिकेचे सर्व ७९ भाग शाबूत राहिले. तिच्यावर टीका करणाऱ्याला आणि तिची पूजा करणाऱ्याला एकच पुरावा उपलब्ध होता. ‘डॉक्टर हू’च्या इतिहासकारांना ते भाग्य लाभले नाही.

आठवणींचे निकाल

मग त्यांनी इतिहास लिहिला कशावरून? १९७२ साली माल्कम हल्क आणि टेरन्स डिक्स या मालिकेच्याच दोन लेखकांनी तिच्या निर्मितीवर पहिले पुस्तक लिहिले. पुढे जुन्या कथांच्या छोट्या कादंबऱ्या निघाल्या. एकट्या डिक्सने साठांहून अधिक लिहिल्या. ज्या मुलांना जुने भाग पाहायला मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी ही पुस्तकेच पुनःप्रक्षेपण होती. कादंबरीला नेपथ्याचा खर्च नसतो. तिथे गुहा हवी तेवढी खोल आणि सैन्य हवे तेवढे मोठे. १९८३ साली जॉन टुलॉक आणि मॅन्युएल अल्वाराडो यांचा पहिला गंभीर, विद्यापीठीय अभ्यास आला. पण चाहत्यांच्या मनात श्रेष्ठ-कनिष्ठतेची उतरंड तोवर पक्की झाली होती. वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि वाचलेल्या कादंबऱ्या यांवर ती रचलेली होती.

आणि मग हरवलेले डबे सापडू लागले.

‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ ची कथा मालिकेचा मुकुटमणी मानली जाई. १९९१ च्या अखेरीस तिचे चारही भाग हाँगकाँगमध्ये सापडले आणि १९९२ साली त्यांची व्हिडिओ कॅसेट निघाली. कथा चांगलीच होती. मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांतून यंत्रमानव बाहेर येतात ते दृश्य आजही अंगावर येते. पण ती अफाट समाधी म्हणजे स्टुडिओतला एक मर्यादित सेट होता. माणूस उचलून फेकला जाताना त्याला बांधलेली तार दिसत होती. बलदंड, जेमतेम बोलणारा कृष्णवर्णीय नोकर ही व्यक्तिरेखा नव्या प्रेक्षकाला खटकू लागली. उलट डॉक्टर एका पोरक्या मुलीशी आपल्या दुरावलेल्या कुटुंबाविषयी हळुवारपणे बोलतो, तो लहानसा प्रसंग आज समीक्षक आवर्जून वाखाणतात.

‘द सेलेस्टियल टॉयमेकर’ (१९६६) ची ख्याती स्वप्नवत, गूढ कथा म्हणून होती. १९८४ साली तिचा शेवटचा भाग ऑस्ट्रेलियातून परत आला. पडद्यावर दिसले काय, तर बराच वेळ चाललेला ठिकरीसारखा उड्यांचा खेळ! शिवाय खलनायकाला चिनी सरदाराचा वेष का, हा प्रश्नही पुढे टीकाकारांनी विचारला.

याच्या अगदी उलट प्रकार ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या कथेचा. १९६७-६८ मधल्या या सहा भागांपैकी फक्त तिसरा भाग उरला होता आणि तो बहुतेक चार भिंतींच्या आतला. त्या एका भागावरून साऱ्या कथेवर ‘संथ’ असा शिक्का बसला. २०१३ साली फिलिप मॉरिस या शोधकाने नायजेरियातल्या जॉस शहरातून नऊ भाग मिळवल्याचे जाहीर झाले. त्यांत या कथेचे उरलेले पाचही भाग होते. आता दिसले ते हेलिकॉप्टर, पाठलाग आणि एकाच नटाने, ट्राउटनने, रंगवलेले डॉक्टर आणि हुकूमशहा असे दोन माणूस. कथेतल्या हुकूमशहाने काही शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे जमिनीखाली ठेवलेले असते. वर युद्ध चालू आहे, असे तो त्यांना सांगत असतो आणि त्यांचा त्यावर विश्वास असतो. एके दिवशी सामानाच्या खोक्यात वर्तमानपत्राचा एक कपटा सापडतो आणि सारे बिंग फुटते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे समीक्षकही त्या तळघरातच होते, असे ते दृश्य पाहताना मला वाटून गेले. वाचकांच्या आवडीच्या यादीत ही कथा त्यानंतर झपाट्याने वर सरकली.

जपले कोणी?

या इतिहासातला मला सर्वांत भावणारा धागा जपणाऱ्यांचा आहे. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे. साठच्या दशकातल्या काही मुलांनी टेपरेकॉर्डर टीव्हीजवळ ठेवून तो मुद्रित केला होता. जॉन कुरा नावाचा छायाचित्रकार चालू पडद्याची छायाचित्रे काढून ती कलाकारांना आणि दिग्दर्शकांना विकत असे. कित्येक भागांचे दृश्यरूप त्यामुळेच कळते. डॉक्टरच्या पहिल्या कायापालटाचे क्षण उरले, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा वापरला गेला होता. दोन भाग १९८३ साली लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात मिळाले. आणि सर्वांवर कडी म्हणजे ऑस्ट्रेलियाचे सेन्सॉर! मुलांना भीती वाटेल म्हणून त्यांनी कापलेले तुकडे सरकारी दप्तरात नीट जपले गेले आणि १९९६ साली ते सापडले. निर्मात्यांनी मालिका नष्ट केली आणि कात्री लावणाऱ्यांनी तिचे तुकडे वाचवले.

आवाजाच्या त्या फिती ऐकताना मला आमच्या घरची एक कॅसेट आठवते. मुंबई दूरदर्शनच्या ‘गजरा’मधले एक प्रहसन माझ्या मोठ्या भावाने टेपरेकॉर्डर टीव्हीपुढे धरून भरून घेतले होते. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि आजी विचारते, “कोण आलंय रे दारात?” प्रहसनातला विनोद आता फारसा आठवत नाही. आजीचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरला आहे.

आपल्याकडच्या गळतीची गोष्ट तर आणखी जुनी. ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी. त्याच वर्षी लंडनमध्ये वारिस हुसेन ‘मार्को पोलो’ ही ‘डॉक्टर हू’ची सात भागांची कथा करत होता. सातपैकी सहा भाग त्याचे. तिचे सातही भाग हरवले. आवाज आहे, छायाचित्रे आहेत, वेषभूषेची वाखाणणी आहे, आणि जुन्या प्रेक्षकांच्या मते ती मालिकेतल्या सर्वोत्तम कथांपैकी एक आहे. उद्या एखाद्या गोदामात तिचा डबा सापडला तर काय दिसेल? कदाचित खरोखरच भव्य काहीतरी. कदाचित पिवळट रंग फासून मंगोल झालेले गोरे नट तेवढे डोळ्यांत खुपतील. बहुधा दोन्ही.

तसे होण्याची शक्यता अगदीच नाही असे नाही. २०१३ च्या शोधानंतर ९७ भाग बेपत्ता होते. पण एखादा डबा कुठून निघेल याचा नेम नाही. मधल्या काळात काही हरवलेल्या भागांना जुन्या आवाजावर हलती चित्रे बसवून पुन्हा उभे केले गेले. २०१६ साली ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ ही पूर्ण कथा अशीच आली. नवे इतिहासकारही आता जुन्यांहून सावधपणे लिहितात. अमुक भाग आम्ही पाहिला, अमुक फक्त ऐकला, असे प्रांजळपणे नोंदवतात. कोणत्याही कलेच्या समीक्षेला हा रिवाज शोभून दिसेल.

आणि आपण प्रेक्षकांनी काय करावे? माळ्यावरच्या खोक्यात पडलेल्या कॅसेट रद्दीवाल्याच्या हवाली करण्याआधी एकदा लावून पाहाव्यात. फितीला बुरशी धरायच्या आत त्यांची प्रत काढून घ्यावी आणि वर तारीख व कार्यक्रमाचे नाव लिहून ठेवावे. ज्याची किंमत आज कचेरीतल्या कुणालाही वाटत नाही, असे एखादे प्रहसन, एखादी मुलाखत तुमच्याच घरात उरलेली असू शकेल.