सुलतानाचा कौल

नवी पेठ वसवायची असली की आपल्याकडचे राज्यकर्ते व्यापाऱ्यांना कौल देत. अमुक वर्षे जकात माफ, जिवाला-मालाला धक्का लागणार नाही, असा त्यात भरवसा असे. इस्तंबूलचे उस्मानी सुलतान परदेशी व्यापाऱ्यांना देत तो अहदनामा याच जातीचा कागद होता.

शत्रुमुलखातून आलेला बिगरमुस्लिम हा इस्लामी कायद्यात हरबी. त्याला अमान, म्हणजे अभय, मिळाले की तो मुस्तामिन होई. हनफी शास्त्राने या अभयाला एका वर्षाची मर्यादा घातली होती. त्यापुढे राहिला तर तो जिम्मी, जिझिया भरणारी प्रजा. पण वखार घातलेल्या माणसाला वर्ष कसे पुरावे? निम्मे वर्ष उधारी वसूल करण्यातच जाते. ही अडचण अहदनाम्याने दूर केली.

१५८० साली तिसऱ्या मुरादने इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला दिलेला अहदनामा पाहा. इंग्रजांना जिझिया नाही. एकाचे कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात नाही. कोणी इथे मेला तर त्याचा माल सरकारजमा न होता वारसांना मिळेल. त्यांचे आपसातले तंटे त्यांचा वकील त्यांच्याच रिवाजाने तोडील. स्थानिक माणसाशी केलेला सौदा मात्र काजीच्या दफ्तरात नोंदवायचा; पुढे वाद उठला तर काजीने ती नोंद बघायची आणि नोंद नसेल तर नुसत्या साक्षीदारांवर दावा ऐकायचा नाही. मला हे कलम सर्वांत शहाणपणाचे वाटते. परक्या गावात, परक्या भाषेत उभ्या राहिलेल्या माणसाला खोट्या साक्षीपासून वाचवणारा तो एक कागद होता.

हे सारे बलवान सुलतानाने आपखुशीने दिलेले होते, आणि सुलतान बदलला की नव्याने मागून घ्यावे लागे. १७४० मध्ये हे पालटले. आदल्या वर्षीच्या बेलग्रेडच्या तहात फ्रान्सने मध्यस्थी केली होती. तिची परतफेड म्हणून पहिल्या महमूदने फ्रेंचांच्या सवलतींनी आपल्या वारसांनाही बांधून टाकले. माझ्या मते चूक झाली ती इथे.

दुसरी कीड दुभाष्यांच्या सनदांना लागली. वकिलातीच्या दुभाष्याला बेरात, म्हणजे सुलतानाची सनद, मिळे, आणि बेरात असलेल्याला परदेशी व्यापाऱ्याच्या सवलती. अठराव्या शतकात वकिलाती या सनदा चक्क विकू लागल्या. ग्रीक, आर्मेनियन, ज्यू व्यापारी पैसे मोजून त्या घेत आणि सुलतानाची प्रजा असूनही प्रजेवरच्या जकातीच्या दरातून सुटत. ज्या मुसलमान व्यापाऱ्याला बेरात मिळण्याची सोय नव्हती, तो स्वतःच्याच बाजारात मागे पडला. यात दोष बेरात विकत घेणाऱ्यांचा नाही, विकणाऱ्यांचा आहे.

१८३८ च्या इंग्रजांशी झालेल्या बाल्टा लिमानच्या तहाने उस्मानी सरकारच्या मक्तेदाऱ्या बंद झाल्या आणि इंग्रजी आयातीवरचा कर एकूण ५ टक्क्यांवर बांधला गेला. आता आपल्याच बंदरातली जकात वाढवायची तर परक्यांची संमती लागे. १९१४ मध्ये महायुद्धाची संधी साधून उस्मानी सरकारने या सवलती एकतर्फी रद्द केल्या, तेव्हा मित्र म्हणवणाऱ्या जर्मनीनेही निषेध नोंदवला. तुर्कस्तानात त्या कायमच्या संपल्या २४ जुलै १९२३ च्या लोझानच्या तहाने. इजिप्तमध्ये परदेशी लोकांसाठी नेमलेली मिश्र न्यायालये मात्र १९४९ पर्यंत चालू होती.